मुळांना वारा हवा

तुळशीला पाणी कसे घालावे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. मोगरा, जास्वंद, अबोली यांचेही तसेच. माती घ्यावी, शेणखत घालावे, रोप लावावे. रोज तांब्याभर पाणी ओतावे. झाड जगते, फुलते.

पण ऑर्किडचे झाड असे जगत नाही. हे आम्हाला ठेच लागल्यावर कळले.

आमच्या वाडीत बायकांचा बचत गट आहे. गटाच्या पैशांतून आम्ही ऑर्किडच्या बारा कुंड्या आणल्या. जात डेंड्रोबियम नावाची. फुले जांभळी, आणि टिकाऊ. लग्नमंडप सजवणारे लोक ती विकत घेतात. बारा कुंड्या जगल्या की पुढच्या वर्षी पन्नास करायच्या, असा आमचा बेत होता.

रोपे आली ती विटांच्या तुकड्यांत आणि कोळशात लावलेली. आम्हाला त्यांची दया आली. बिचाऱ्यांना मूठभर मातीसुद्धा नाही! आम्ही विटा काढून फेकल्या. मोठ्या कुंड्या आणल्या. त्यांत तांबडी माती आणि शेणखत भरले. सकाळ-संध्याकाळ पाणी घातले.

थोड्याच दिवसांत पाने पिवळी पडली. खोडांना सुरकुत्या आल्या. आम्हाला वाटले, झाडे तहानली. आम्ही आणखी पाणी घातले. वर पावसाळा होताच. पावसाळा संपेपर्यंत बारांपैकी सात झाडे गेली.

गटात कुजबुज सुरू झाली. कष्टाचे पैसे पाण्यात गेले, असे सगळ्या म्हणू लागल्या. शेवटी आम्ही शेजारच्या गावातल्या एका माळीदादांना बोलावले. त्यांचा जन्म रोपवाटिकेत काम करण्यात गेला होता. त्यांनी एक कुंडी उपडी केली. मुळे तपकिरी, लिबलिबीत झाली होती. वास येत होता.

माळीदादा म्हणाले, "वहिनी, तुम्ही झाडांना उपाशी नाही मारलंत. बुडवून मारलंत. कुंडीत पाणी भरपूर आहे, पण ते प्यायला झाडाला तोंडच राहिलं नाही."

त्या दिवशी माळीदादांनी जे शिकवले आणि पुढे आम्ही जे करून पाहिले, ते येथे सांगतो.

हे झाड राहते कुठे?

झाडाचे घर कुठे आहे हे आधी पाहावे. मग त्याला काय हवे ते कळते.

आपल्या सह्याद्रीच्या रानात सीतेची वेणी तुम्ही पाहिली असेल. आंब्याच्या नाहीतर फणसाच्या फांदीवर ती बसलेली असते. पावसाच्या तोंडाशी तिला पांढऱ्या-गुलाबी फुलांचा लांब तुरा येतो. तो वेणीसारखा खाली लोंबतो. ही वेणी म्हणजे ऑर्किडच. आसामातही ती होते. तिथे तिला कपौ फूल म्हणतात. बिहूच्या सणात तिथल्या मुली ते केसांत माळतात. आसामचे ते राज्यफूल आहे.

कोणी म्हणतात, हे बांडगूळ आहे, झाडाचा रस पिते. तसे नाही. बांडगूळ आपले मूळ फांदीच्या आत घुसवते आणि झाडाचे खाते. ऑर्किड फांदीवर नुसते बसते. वाटसरू ओट्यावर टेकावा तसे. ते घरमालकाच्या ताटातले खात नाही. पाऊस, दव, आणि सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा, एवढ्यावर त्याचे भागते.

आता फांदीवर माती असते का? नाही. पाऊस आला की मुळे चिंब भिजतात. वारा सुटला की सुकतात. पुन्हा भिजतात, पुन्हा सुकतात. अशा जगण्याची या मुळांना सवय आहे.

मूळ कसे असते?

ऑर्किडचे मूळ हातात घेऊन पाहा. ते दोऱ्यासारखे बारीक नसते. शेवयांपेक्षा जाड असते. त्याच्यावर स्पंजासारखे एक पांढरे वेष्टण असते. पाण्याचा थेंब पडला की ते वेष्टण चटकन टिपून घेते. कोरडे असताना मूळ पांढरे दिसते. भिजले की हिरवे दिसते.

मुळाच्या टोकाला एक चकचकीत भाग असतो. तो हिरवा किंवा तांबूस असतो. मूळ वाढते ते या टोकाशी. टोक मोडले तर मूळ पुढे सरकत नाही. कधी मागून फाटा फुटतो, कधी फुटत नाही. म्हणून या टोकाला जपावे.

मुळालाही श्वास लागतो. विटांच्या तुकड्यांमध्ये फटी असतात. पाणी खाली निघून जाते, फटीत हवा राहते. ओल्या मातीत फटी बुजतात. हवा जाते, मूळ गुदमरते. मग बुरशी येते आणि मूळ कुजते. मूळ कुजले की झाडाला पाणी मिळत नाही. म्हणून खोड सुरकुतते. आपल्याला वाटते झाड तहानले, आणि आपण आणखी पाणी ओततो! आमची चूक झाली ती इथेच.

कुंडी केव्हा बदलावी?

नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन-तीन वर्षांत कुजतात. त्यांचा भुगा होतो. भुगा पाणी धरून ठेवतो. तेव्हा कुंडी बदलावी. झाड कुंडीच्या काठाबाहेर गेले असेल तरीही बदलावी.

फुले असताना मात्र हात लावू नये. फुले ओसरू द्यावीत.

सगळ्यांत चांगली वेळ कोणती? नव्या कोंबाच्या बुडाशी बघत जा. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी नवी मुळे डोकावू लागली, की तीच वेळ. त्या वेळी कुंडी बदलली तर नवी मुळे सरळ नव्या भरणीत शिरतात. मुळे बोटभर लांब झाल्यावर बदलायला गेलो, तर ती मोडतात. थोडक्यात, पंचांग पाहू नका, मूळ पाहा.

पण मुळे कुजली असतील तर वाट पाहू नये. लागलीच कुंडी उपडी करावी.

काय काय लागते?

बाजूला आणि तळाला भोके असलेली कुंडी. भाजलेल्या विटांचे सुपारीएवढे तुकडे. लाकडी कोळसा. नारळाच्या सोडणाचे तुकडे. एक काठी, सुतळी, आणि धारदार कात्री.

सोडणात क्षार असतात. म्हणून तुकडे चार-पाच दिवस पाण्यात भिजत घालावेत आणि रोज पाणी बदलावे. विटांचे तुकडेही धुऊन घ्यावेत. ज्या गावी पाऊस फार, तिथे सोडण कमी घ्यावे आणि विटा-कोळसा जास्त घ्यावा.

कात्री वापरण्यापूर्वी विस्तवावर धरून तापवावी, मग गार होऊ द्यावी. एक झाड झाले की दुसऱ्याला लावण्यापूर्वी पुन्हा तापवावी. झाडांचे काही रोग कात्रीला लागलेल्या रसातून पसरतात. कात्री तापवायला दोन मिनिटे लागतात, पण सगळी बाग वाचते.

कुंडी कशी बदलावी?

पहिले काम: झाडाची मुळे पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवावीत. भिजलेले मूळ लवते, मोडत नाही. मूळ कुंडीला चिकटले असेल तर ओढू नये. कुंडी मातीची असेल तर ती फोडावी, आणि मुळाला चिकटलेली खापरी तशीच नव्या कुंडीत घालावी.

दुसरे काम: जुनी भरण झटकून टाकावी आणि मुळे धुवावीत.

तिसरे काम: एकेक मूळ दोन बोटांत हलके दाबून पाहावे. घट्ट लागले तर ते जिवंत आहे. लिबलिबीत लागले, वरचे वेष्टण निसटून आत नुसता दोरा राहिला, तर ते मेलेले आहे. मेलेले तेवढे कापावे. रंगावर जाऊ नये. पांढरे कोरडे मूळ मेलेले नसते. कापलेल्या जागी दालचिनीची पूड चिमूटभर लावावी. चांगल्या मुळांना पूड लावू नये, ती सुकतात.

चौथे काम: जुनी खोडे हिरवी असतील तर ठेवावीत. त्यांना पाने नसली तरी चालेल. ती झाडाची कणगी आहे. नवा कोंब त्यातलेच खाऊन वाढतो. वाळून कोळ झालेले खोड मात्र काढावे.

पाचवे काम: मुळे जेमतेम मावतील एवढीच कुंडी घ्यावी. मोठी कुंडी उशिरा सुकते. जुनी खोडे काठाशी आणि नवा कोंब मध्याकडे, असे झाड बसवावे. म्हणजे कोंबाला पुढे सरकायला जागा राहते. मग भोवती तुकडे भरावेत. कोंबाचे बूड तुकड्यांत पुरू नये, वर उघडे ठेवावे.

सहावे काम: झाड काठीला बांधावे. हे काम लहान वाटते, पण विसरू नये. झाड वाऱ्याने डुलत राहिले तर नव्या मुळांची कोवळी टोके तुकड्यांवर घासतात आणि मोडतात. हलते झाड मूळ धरत नाही. कुंडी उचलून थोडी हलवून पाहावी. झाड जागचे हलता कामा नये.

मग पुढे काय?

चार-पाच दिवस कुंडीत पाणी ओतू नये. कापलेल्या जागा सुकू द्याव्यात. पानांवर सकाळी पाण्याचा हलका फवारा मारला तरी पुरे. कुंडी सावलीत ठेवावी. पावसाची धार थेट अंगावर घेऊ देऊ नये.

त्यानंतर पाणी सकाळीच द्यावे, संध्याकाळपर्यंत पाने सुकली पाहिजेत. मुळे हिरवी असतील तर पाणी नको. पांढरी झाली की द्यावे. झाडच आपल्याला सांगते, आपण बघायला शिकले पाहिजे. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम.

नवी मुळे दिसेपर्यंत खत देऊ नये. ज्याला तोंड नाही त्याला जेवण वाढून काय उपयोग? मुळे आली की पाण्यात विरघळणारे खत द्यावे. एका लिटर पाण्यात एक ग्रॅमपेक्षा जास्त नको. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. निम्मे ऊन अडवणारी जाळी वर असावी.

रानातली वेणी रानातच राहू द्या

हे सारे शिकल्यावर आमच्यातली एकजण म्हणाली, "मग विकत कशाला घ्यायची? रानात फुकट आहेत की!"

माळीदादांनी मान हलवली. ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात. धुळीसारख्या बारीक. बियांत शिदोरी नसते. रानात एक विशिष्ट बुरशी भेटली तरच बी रुजते. म्हणून लाखांतली एखादीच झाड होते. फांदीवरून ओरबाडलेले झाड बहुधा आपल्या घरी मरते, आणि रानही ओस पडते.

त्याची गरजही नाही. १९२२ साली लुईस नड्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक युक्ती दाखवली. साखर आणि क्षार घातलेल्या खळीसारख्या पदार्थावर त्याने काचेच्या नळीत हे बी बुरशीवाचून रुजवले. तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपे होऊ लागली. आज रोपवाटिकेत मिळणारी बहुतेक रोपे अशीच काचेत वाढलेली असतात. ती घ्यावीत.

आमच्या पाच झाडांचे काय झाले?

चार झाडांना थोडी चांगली मुळे होती. ती आम्ही वर सांगितल्याप्रमाणे लावली. पाचव्याला एकही मूळ उरले नव्हते. नुसती दोन हिरवी खोडे. सगळ्याजणी म्हणाल्या, फेकून द्या. आम्ही ते ओलसर सोडणाच्या तुकड्याला बांधले आणि सावलीत टांगले. रोज सकाळी फवारा मारला.

महिना गेला. काही नाही. दीड महिन्याने एक दिवस कोंबाच्या बुडाशी हिरवा ठिपका दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा. आम्ही एकमेकींना हाका मारून तो दाखवला.

सात झाडांचे पैसे परत आले नाहीत. गटाच्या वहीत तो तोटा लिहिलेला आहे. पण त्याच वहीत पुढच्या वर्षी फुलांच्या विक्रीची पहिली रक्कम चढली. रक्कम मोठी नव्हती. पाचही झाडे मात्र अजून उभी आहेत. आता नवी रोपे आली की आम्ही आधी त्यांची मुळे बघतो, आणि मगच पाण्याच्या तांब्याला हात लावतो.