अभ्यासिकेचं कुलूप

बारा व्होल्टचं छोटं सोलेनॉइड कुलूप तळहातावर सहज मावतं. पत्र्याची चौकोनी पेटी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, वेटोळ्याच्या पोकळीत लोखंडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला एका अंगाने तिरकी कापलेली जीभ. मागची स्प्रिंग या जिभेला कायम बाहेर ढकलून धरते. दोन तारांना बारा व्होल्ट दिले की वेटोळ्याचं चुंबक होतं, दांडा ओढला जातो आणि ‘खट्’ असा आवाज करून जीभ आत जाते. वीज काढली की पुन्हा बाहेर. घरी केलेल्या इलेक्ट्रॉनिक कुलपातला हलणारा भाग एवढाच. बटणं, बोर्ड, प्रोग्रॅम हे सगळं ही जीभ कधी आत घ्यायची ते ठरवण्यासाठी.

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली पहाटे येतात, काही जण रात्री उशिरापर्यंत बसतात. एका किल्लीच्या होता होता इतक्या डुप्लिकेट झाल्या की कोणाकडे किल्ली आहे आणि कोणाकडे नाही, हे कोणालाच सांगता येईना. बाजारात तयार डिजिटल कुलपं मिळतात आणि त्यातली बरीचशी चांगली असतात. पण अभ्यासिकेतल्याच डिप्लोमाच्या दोन मुलांना ते स्वतः करून बघायचं होतं, मलाही या कामाची जुनी आवड. तेव्हा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून सामान आणलं आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं.

टेबलावर ते लवकर चालू होतं, आणि तिथेच फसगत होण्याची शक्यता असते. कोड टाकला, जीभ आत गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे कुलूप झालं असं वाटतं. माझं मत वेगळं आहे. बरोबर माणसासाठी दार उघडणं हा या कामातला सर्वांत सोपा भाग. वीज गेली, वीज परत आली, बोर्ड अडकला, दार फुगलं, कोणी मुद्दाम खोडी काढली, अशा प्रत्येक वेळी कुलपाने काय करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि खरी मेहनत तिथे आहे.

बोर्ड आम्ही आर्डुइनो उनो घेतला. २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेआ गावातल्या डिझाइनच्या संस्थेत हा प्रकल्प जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा असा स्वस्त बोर्ड त्यांना हवा होता. उनोवरच्या एटीमेगा ३२८ चिपला २ केबी रॅम आहे आणि वीज गेली तरी न पुसली जाणारी १ केबीची वेगळी मेमरी आहे. कुलपाला एवढं भरपूर झालं. कोड त्या न पुसणाऱ्या मेमरीत ठेवायचे.

बटणांचा कीपॅड सोळा कळांचा, पण त्यातून तारा आठच निघतात. चार आडव्या ओळींच्या, चार उभ्या. बोर्ड उभ्या तारा पाच व्होल्टवर धरून ठेवतो आणि आडव्या तारा एकेक करून शून्यावर आणतो. दुसरी आडवी ओळ शून्यावर असताना तिसरी उभी तारही शून्यावर आली, तर ‘सहा’ दाबला गेला. हे इतक्या वेगाने चालतं की आपलं बोट कळेवर टेकायच्या आत चारही ओळींची कितीतरी वेळा विचारपूस होऊन जाते. वेग इतका, की कळ दाबताना आतले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात तेही बोर्डाला दिसतं आणि एका ‘सहा’चे तीन होतात. म्हणून पहिला स्पर्श दिसल्यावर थोडं थांबून पुन्हा बघायचं, असं प्रोग्रॅममध्ये सांगावं लागतं.

कोड किती आकडी असावा यावर मुलांशी बराच वाद झाला. चार आकडे लक्षात राहतात, पण त्यांचे प्रकार फक्त १०,०००. शिवाय आम्हाला प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचा होता, म्हणजे एखादा सोडून गेला की त्याचाच तेवढा काढता येईल. अभ्यासिकेत पंचवीस जण. याचा अर्थ दहा हजारांतले पंचवीस कोड बरोबर आहेत. अंदाजाने आकडे टाकणाऱ्याला साधारण चारशे प्रयत्नांत एक सापडावा. तीन वेळा चुकलं की पाच मिनिटं कुलूप ऐकणारच नाही अशी सोय केली, तर दिवसाला ८६४ प्रयत्न करता येतात. म्हणजे चार आकडी कोड अर्ध्या दिवसात हाती लागणार. सहा आकडे केले की प्रकार दहा लाख होतात आणि त्याच हिशेबाने सुमारे चाळीस हजार प्रयत्न लागतात, दीड महिन्याचं काम. अभ्यासिकेच्या दारात दीड महिना कोणी बटणं दाबत उभं राहणार नाही. हा हिशेब कागदावर मांडल्यावर वाद मिटला.

पण त्या पाच मिनिटांच्या शिक्षेत एक पळवाट होती, आणि ती डिप्लोमाच्या मुलीने काढली. आमच्याकडे, पुण्यातल्या बहुतेक जुन्या इमारतींत असतो तसा, मीटरबोर्ड जिन्याखाली आहे. कोणीही जाऊन अभ्यासिकेचा मेन खाली करू शकतो. मागे बॅटरी नसेल तर तीन वेळा चुकायचं, मेन बंद-चालू करायचा, बोर्ड नव्याने सुरू होतो आणि चुकांचा हिशेब शून्यावर. म्हणून चुकांचा आकडाही न पुसणाऱ्या मेमरीत लिहायचा आणि वीज आल्यावर तो आधी वाचायचा. शिक्षा चालू असेल तर पाच मिनिटं पहिल्यापासून मोजायची. प्रोग्रॅममध्ये यासाठी मोजक्या ओळी लागतात. मला या मुलीच्या विचाराची दिशा फार आवडली. तिने प्रोग्रॅम वाचण्याआधी जिना डोळ्यांसमोर आणला.

वीज परत येण्याच्या क्षणाबद्दल आणखी सांगायला हवं, कारण घरगुती कुलपांत इथेच मोठं भोक राहतं. बोर्डाच्या पिनेतून वेटोळ्याला लागणारा करंट मिळत नाही. वेटोळं पाऊण अँपियरच्या आसपास ओढतं, पिनेला त्याचा विसावा भाग जेमतेम झेपतो. म्हणून मधे मॉस्फेट लावतात. त्याच्या ‘गेट’ या पायावर पाच व्होल्ट आले की तो मोठा करंट सोडतो, शून्य आले की अडवतो. बोर्ड सुरू होताना सेकंद-दोन सेकंद त्याच्या पिना ‘हो’ही म्हणत नाहीत आणि ‘नाही’ही. त्या अधांतरी असतात. मॉस्फेटचा गेट इतका हलका असतो की अशा वेळी आजूबाजूच्या तारांतून आलेला थोडासा भारही त्याला पुरतो, आणि कोड न टाकता जीभ आत जाते. यावर उपाय म्हणजे दहा किलोओहमचा एक रेझिस्टर, गेट आणि ग्राउंडच्या मधे. बोर्ड गप्प असेल तेव्हा तो गेटला शून्यावर धरून ठेवतो. रुपयाभराचीही वस्तू नाही ती. मुलाने डाग देताना तो रेझिस्टर मॉस्फेटच्या पायांनाच चिकटवून दिला, लांब तारेने नाही, कारण तार तुटली तर पुन्हा तेच. डाग चकचकीत, पायाला सगळीकडून लपेटलेला, वर गोळा नाही. अशा कामाकडे बघत बसावंसं वाटतं.

वेटोळ्याला उलटा जोडलेला ४००७ नंबरचा डायोडही असाच. वीज तोडताक्षणी वेटोळ्यातली चुंबकीय शक्ती उलट्या दाबाने बाहेर फेकली जाते आणि तो दाब शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. डायोड त्याला फिरून वेटोळ्यातच जिरवतो. डायोडच्या अंगावरचा चंदेरी पट्टा अधिकच्या बाजूला आला पाहिजे.

मग मिस्त्री आले. दार सागवानी, चौकटही जुनी. त्यांनी पेटी हातात घेतली, जीभ अंगठ्याने आत-बाहेर केली, नंतर जिभेला आडवा दाब देऊन मला म्हणाले, “साहेब, आता करंट सोडा बघू.” सोडला. दांडा हलला नाही. “हेच होणार. पोरं आधी खांद्याने दार रेटतात, मग नंबर दाबतात.” ते अगदी खरं होतं, आणि त्यामागचं कारणही साधं आहे. दांडा पूर्ण बाहेर असतो तेव्हा चुंबकाची ओढ सगळ्यात कमी असते, जसा तो आत येतो तशी ती वाढते. म्हणजे सुरुवातीलाच सर्वांत जास्त जोर हवा आणि नेमका तेव्हाच तो नसतो. जीभ चौकटीतल्या पट्टीच्या कडेला दाबून धरलेली असेल तर तेवढं घर्षणही सोडवत नाही.

“आणि हे दार आत्ता उन्हाळ्यातलं आहे,” मिस्त्री पुढे म्हणाले. “आषाढात बघा याला.” लाकूड पाणी पितं, दार फुगून चौकटीला ताठतं आणि जीभ आपोआप कडेला रेटली जाते. त्यांनी दाराची कड रंध्याने उतरवली, चौकटीत पटाशीने जागा केली आणि पट्टीतली खाच कानशीने घासून एक सूत ढिली ठेवली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्या ढिलाईने दार बंद असताना बारीकसं खुळखुळतं. मुलांना ते खटकलं, पण जिभेला मोकळं राहायचं असेल तर तो खुळखुळाट हवाच. प्रोग्रॅममध्येही आम्ही एक सोय केली. जीभ एका झटक्यात ओढायची नाही, तीन वेळा ओढायची-सोडायची, म्हणजे मधल्या क्षणी हात सैल पडला तरी ती निघते. त्यानंतर वीज बंद, कारण असं वेटोळं सतत चालू ठेवलं तर हात लावू नये इतकं तापतं.

आतून बाहेर पडण्याबद्दल मी कोणाचं काही ऐकणार नव्हतो. हे कुलूप वीज नसताना बंद राहतं. ऑफिसांच्या काचेच्या दारांवर दिसतं ते विद्युतचुंबकाचं कुलूप याच्या उलट वागतं. त्यातले नेहमी मिळणारे चुंबक २८० किलोचा ताण धरतात आणि वीज गेली की सोडून देतात. दोन्ही प्रकार आपापल्या जागी बरोबर आहेत. पण बंद राहणारं निवडलं तर आतल्या माणसाला विजेवर अवलंबून ठेवायचं नाही. देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही बाहेर जाण्याचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे असं सांगितलं आहे. आत एक बटण लावून भागत नाही. धूर झाला, वायर जळली, तर ते बटण कशाला जोडलेलं आहे?

तोडगा मिस्त्रींनीच काढला. जीभ ज्या पट्टीत अडकते ती पट्टी त्यांनी चौकटीला पक्की ठोकली नाही. ती बिजागरीवर बसवली आणि आतून एका छोट्या बोल्टने धरून ठेवली. बोल्ट ओढला की पट्टी आतल्या बाजूला फिरते आणि दार जिभेसकट उघडतं. त्यात ना तार, ना बॅटरी, ना प्रोग्रॅम. अंधारात हाताला लागावा म्हणून बोल्टला लाल मूठ लावली. सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता असं मला कोणी विचारलं तर मी ही बिजागरी दाखवीन.

बाहेरून येणाऱ्यांसाठी बारा व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी ठेवली आहे. बोर्ड आणि बाकीचं सर्किट मिळून ८० मिलिअँपियरच्या आसपास खातात, म्हणजे कागदावर ८७ तास, प्रत्यक्षात तीन दिवस धरावे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तेव्हा कोणाला काही कळतही नाही. बॅटरीही उतरली तर कीपॅडखाली दोन स्क्रूची डोकी आहेत, त्यांना स्कूटरची बॅटरी लावता येते. उलटी लावली तरी डायोड अडवतो. तिथून फक्त बोर्ड जागा होतो, कोड टाकावाच लागतो. बाहेरच्या बाजूला कीपॅड आणि ही दोन डोकी, एवढंच. बोर्ड आणि मॉस्फेट आतल्या भिंतीवर. काही घरगुती कुलपांत सगळं एकाच डबीत घालून ती बाहेर लावलेली मी पाहिली आहे. चार स्क्रू काढून दोन तारा जुळवल्या की अशी दारं उघडतात.

मुलांना कोडऐवजी टेकवायची कार्डं हवी होती. १३.५६ मेगाहर्ट्झचा रीडर स्वस्त आहे आणि जोडायलाही सोपा. पण बहुतेक घरगुती प्रोग्रॅम कार्डाच्या चिपमधला क्रमांक तेवढा वाचतात, आणि तो क्रमांक हवा तसा लिहिता येणारी कोरी कार्डं बाजारात मिळतात. मायफेअर क्लासिक कार्डांची आतली सांकेतिक पद्धतही कच्ची आहे, हे नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिलं. सहा आकडे पाठ करणं मला बरं वाटतं.

कुलूप बसल्यावर मी सर्किटचा नकाशा आणि प्रोग्रॅमची छापील प्रत आतल्या डबीच्या झाकणावर चिकटवली. सोसायटीच्या एका सदस्यांनी विचारलं, “अहो, हे असं उघड लावलंत, चोराला आयतंच कळेल की!” मी त्यांना म्हटलं, कळू दे. १८८३ मध्ये ऑग्युस्त केरकोफ्स यांनी लष्करी सांकेतिक लिपीबद्दल लिहिलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आमच्या नकाशात कोणाचा कोड नाही. उद्या मी इथे नसेन, ही मुलं नोकरीला लागून जातील, तेव्हा जो कोणी हे झाकण उघडेल त्याला कोणती तार कुठे जाते ते दिसायला हवं.

नकाशाखाली एक रकाना आखला आहे. दर तीन महिन्यांनी मेन खाली करून दार बॅटरीवर उघडतं का ते बघायचं, लाल मुठीचा बोल्ट ओढून पट्टी मोकळी फिरते का ते बघायचं, आणि तारीख टाकून सही करायची. ही पाळी मुलांनी आपसात वाटून घेतली आहे.