पाड्यांच्या वाटेनं तीन दिवस

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा इंग्लंडात राहतात. दर वर्षी दोघं तीन दिवस नुसते चालायला बाहेर पडतात. मोटार घरी, पाठीवर एकेक सॅक, हातात नकाशा. सकाळी एका खेड्यातून निघायचं, कुरणांतून, ओढ्याकाठानं आठ-दहा मैल चालायचं आणि संध्याकाळी दुसऱ्या खेड्यात मुक्काम करायचा. तिच्याकडून हे ऐकताना आम्हा दोघांनाही वाटायचं, की असं चालणं आपल्याकडे कुठे जमेल? गड चढायचा नाही, शिखर गाठायचं नाही, कुणाशी स्पर्धा नाही. दोघांनी बोलत, कधी न बोलता, दिवसभर चालायचं. दोन वर्षांत दोनदा जाऊन आल्यावर मी खात्रीनं सांगते, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत ते उत्तम जमतं.

याचं कारण धबधबे नाहीत. ते आहेतच, आणि सहलीला येणारे बहुतेक जण त्यांचीच यादी खिशात घेऊन येतात. खरं कारण असं, की हे दोन तालुके आजही पायी चालणाऱ्या माणसांचे आहेत. गाव म्हणजे इथे एकगठ्ठा वस्ती नव्हे. एका गावाचे पाच, सात, दहा पाडे टेकड्यांच्या उतारांवर विखुरलेले असतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी ही वस्ती. पाड्यापासून शेताला, शेतापासून विहिरीला, विहिरीपासून शाळेला आणि पलीकडच्या पाड्यावर सोयऱ्यांकडे जाणारी वाट रोज पावलांनीच मळलेली असते. तुम्ही फक्त तिच्यावर पाऊल ठेवायचं.

इंग्लंडातल्या वाटा मात्र आपोआप टिकलेल्या नाहीत. डोंगरमाळ जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे काहीशे कामकरी तरुण किंडर स्काउटच्या बंदी असलेल्या पठारावर मुद्दाम चढून गेले. त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्यानं वाटांचे अधिकृत नकाशे करणं भाग पडलं आणि १९५१ मध्ये तोच पीक डिस्ट्रिक्टचा भाग ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. आज शेतकऱ्याच्या कुरणातून वाट जात असेल, तर ती अडवण्याचा अधिकार त्याला नाही.

आपल्याकडेही वाटेला कागदाचा आधार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, तर पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, आणि या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ नुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते. फरक एवढाच, की तिकडे वाटेचा नकाशा फिरणाऱ्याच्या हातात असतो. इथे तो सरकारी दप्तरात असतो आणि खरी वाट माणसांच्या पायांत. म्हणून इथल्या चालण्याची आखणी मोबाइलवर होत नाही. ती माणसाला विचारून होते. पाड्यावरच्या एखाद्या मुलाला किंवा बाईला दिवसभरासाठी सोबत घ्या आणि त्या दिवसाची पूर्ण मजुरी, किंबहुना थोडी जास्तच, आधी ठरवून द्या. रेंज पुष्कळ ठिकाणी जाते, त्यामुळे रोख पैसे जवळ असू द्यात.

कधी जावं, यावर माझं मत ठाम आहे: पितृपक्ष संपल्यापासून दिवाळीपर्यंत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्या दिवसांत हिरवाई अप्रतिम असते, पण ओढे घटकेत भरतात आणि काळा पाषाण शेवाळानं निसरडा होतो. इथल्याच काळमांडवीच्या धबधब्यात जुलै २०२० मध्ये पाच तरुण बुडाले. आश्विनात पाणी शांत होतं, तरी धबधबे आटलेले नसतात. उतारावरच्या वरकस जमिनीत खुरासणी फुललेली असते. तिचा पिवळा रंग दोन टेकड्यांपलीकडून दिसतो. नागलीची कणसं भरलेली, वरई काढणीला आलेली, खाचरातला भात पिवळा पडत चाललेला. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, वाघोबाची पूजा होते. वाटेवर शेंदूर लावलेला, सूर्य-चंद्र आणि वाघ कोरलेला दगड किंवा लाकडी पाट दिसला, तर क्षणभर थांबा, चपला बाजूला ठेवा, पुढे जा.

दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होऊ लागतात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कुटुंबं मुलाबाळांसह निघून जातात. कुलूप लावलेल्या, शेणानं सारवलेल्या कुडाच्या घरांमधून चालताना वाट तीच असते, पण ती ओकीबोकी वाटते.

पहिला दिवस जव्हारचा. नाशिककडून त्र्यंबक-मोखाडामार्गे किंवा मुंबई-ठाण्याकडून वाडा-विक्रमगडमार्गे एसटी येते. गाव सुमारे १५०० फूट उंचीवर आहे, त्यामुळे रात्री पातळ शाल लागते. मुकणे घराण्याचं हे संस्थान. दिल्लीच्या तुघलकाकडून १३४३ मध्ये त्याला मान्यता मिळाल्याचं सांगतात, आणि १९४८ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं. इथली नगरपरिषदही १९१८ ची. सामान टाकून दुपारी चालत निघा. शिरपामाळावर शिवाजी महाराज १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी थांबले आणि राजा विक्रमशहांनी त्यांना शिरपेच दिला, अशी परंपरा आहे. माळाचं नाव त्यावरूनच. हनुमान पॉइंटवरून झाडीतला जयविलास राजवाडा दिसतो. सूर्यास्ताला सनसेट पॉइंटवर गर्दी होते. आम्ही सूर्य बुडाल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहिलो. गर्दी उठली आणि खालच्या दरीतल्या पाड्यांवरचे दिवे एकेक करून दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी बहुतेकांना दाभोसा धबधबा पाहायचा असतो, आणि तो पाहावाच. सिल्वासाच्या रस्त्यावर, जव्हारपासून साधारण वीस किलोमीटरवर, लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. तिथवर वाहनानं जा, पण येताना निदान एक टप्पा पाड्यांमधून पायी या. गर्दी नकोच असेल, तर झाप गावाच्या बाजूनं भूपतगड गाठा. किल्ला म्हणून तिथे फार अवशेष नाहीत. थोडी तटबंदी आणि पाण्याची टाकी. पण माथ्यावर बसलं की पिंजाळ नदीचं वळणावळणाचं खोरं पायाशी पसरतं. जोडप्यानं डबा उघडावा तो इथे.

तिसरा दिवस मला सर्वांत आवडतो. मोखाड्याहून खोडाळ्याला या. जवळच देवबांधचा गणपती आहे, नदीकाठचा, शांत. तिथून सूर्यमाळच्या दिशेनं वर चढत गेलं, की हवा बदलते. रस्त्याला वाहनं थोडी. बऱ्याच वेळा रस्त्यावर तुम्ही दोघं आणि मोळी घेऊन येणारी एखादी बाई एवढेच असता.

अशाच एका बाईशी आम्ही बोलत होतो. पाणी कुठून आणता, असं विचारलं, तर तिनं हात लांबवून वाट दाखवली, आम्ही ज्या वाटेनं आलो होतो तीच. आम्हाला ती रमणीय वाटली होती. तिच्यासाठी ती डोक्यावर हंडे घेऊन दिवसातून चार वेळा चढायची चढण होती. ते ऐकल्यापासून मी या वाटांकडे निराळ्या नजरेनं पाहते.

याच मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मुंबई महापालिकेनं बांधलेलं मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंचीचं. २०१४ पासून तिथून मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी जातं. आणि तालुक्यातले कितीतरी पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. टँकरचं पाणी विहिरीत ओततात आणि विहिरीभोवती पोहरे घेऊन बाया उभ्या राहतात. खडक काळा आणि सलग आहे, उतार तीव्र आहे. पावसाचं पाणी मुरण्याआधीच वाहून जातं. हे समजल्यावर दोन गोष्टी आपोआप ठरतात. मार्च ते जून इथे चालायला येऊ नये. आणि इतर दिवसांतही आंघोळीला एक बादली पुरते. पिण्याचं पाणी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणीच भरून घ्यावं. पाड्यावर पाणी मागायची वेळ आपल्यामुळे येऊ नये.

मुक्काम मात्र बदलत राहू नका. पहिल्या दोन रात्री जव्हार, तिसरी खोडाळ्याच्या बाजूला घरगुती व्यवस्था मिळाली तर तिथे. दोघांचीही ओळखपत्रं जवळ ठेवा आणि जेवण आधी सांगून ठेवा. इथे कुणाच्या घरात दोन माणसांचं जास्तीचं रांधलेलं पडून नसतं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. मुद्दाम पनीर मागू नका. पावसाच्या सुरुवातीला कधी आलात आणि ताटात शेवळं आली, तर ती काकडांबरोबर शिजवलेली असतात. नाहीतर घशाला खाजतात. हे ज्ञान इथल्या बायकांचं आहे, आणि ते ताटावर बसून ऐकण्यासारखं आहे.

गवत उंच असतं, म्हणून पायांत घोट्यापर्यंतचे बूट हवेत. फुरसं आणि मण्यार या भागात आहेत. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. काही झालंच, तर वेळ न दवडता जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय गाठा. विहिरीवरच्या बायांचे आणि शाळेतून येणाऱ्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

परतीसाठी खोडाळ्याहून कसाऱ्याला जीप मिळते, आणि विहीगावावरून ती घाट उतरते. पण आम्ही सकाळी लवकर निघणारी एसटी धरतो. आदल्या संध्याकाळीच कंडक्टरला वेळ विचारून ठेवतो. गेल्या वेळी आमच्या शेजारच्या बाकावर एक म्हातारी पिशवीभर खुरासणी घेऊन बसली होती. कसाऱ्यापलीकडे दिलेल्या लेकीकडे निघालेली. तिनं मूठभर माझ्या रुमालात बांधून दिली आणि भाजताना आच मंद ठेव, असं दोनदा बजावलं.