तिसऱ्या तारेवरचं व्होल्टेज

विहिरीवरची तीन फेजची मोटार उलटी फिरायला लागली, तर जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शिवारात उपाय ठाऊक असतो. मेन स्विच पाडायचा आणि तीनपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल करायची, मोटार सुलटी. फोमच्या आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोल, विमानाच्या नाकावरची, मुठीत मावणारी मोटार उलटी फिरली तरी हेच करतात. एक पाच हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार, दुसरी जेमतेम पन्नास-साठ ग्रॅमची. पण दोघींच्या पोटात फिरतं चुंबकक्षेत्रच काम करतं.

पण बॅटरी तर एकाच दिशेची वीज देते. मग विमानात तीन फेज येतात कुठून? त्या ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, तयार करतो. महावितरणची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून दोन पोलची पाणबुडी मोटार मिनिटाला २,९००च्या आसपास फेरे घेते. विमानाच्या मोटारीत बहुधा १४ चुंबकं असतात आणि पंख्यासकट ती मिनिटाला ८,००० फेरे सहज घेते. हिशेब करून पाहा: १४ चुंबकं म्हणजे सात जोड्या, प्रत्येक जोडीमागे एक आवर्तन, प्रत्येक आवर्तनात ईएससी सहा वेळा प्रवाहाची वाट बदलतो. सेकंदाला ५,६०० वेळा!

आणि ही प्रत्येक बदली ऐन वेळेवर व्हावी लागते. चुंबक कुठे पोचलंय हे सांगणारा सेन्सर या मोटारीत नसतो. मग ईएससीला कळतं कसं? कुठल्याही क्षणी तीनपैकी दोनच तारांतून प्रवाह जात असतो, तिसरी रिकामी असते. त्या रिकाम्या तारेच्या वेटोळ्यांवरून चुंबकं सरकतात तेव्हा तिच्यात आपोआप व्होल्टेज उमटतं. ईएससी ते वाचतो आणि त्यावरून चुंबकाची जागा ओळखतो. मोटार थांबलेली असेल तर वाचायला काहीच नसतं, म्हणून सुरुवातीला तो अंदाजाने एक हिसका देतो. विमानाचा पंखा सुरू होताना किंचित अडखळतो तो त्यामुळे. बॅटरी जोडल्यावर येणारे बीपही मोटारीच्या वेटोळ्यांतूनच येतात. ईएससीला वेगळा स्पीकर नसतो.

हलत्या चुंबकामुळे वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलं. जालन्याच्या एमआयडीसीतल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये भंगार वितळतं तेही याच नियमाने: बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे लोखंडाच्या आतच भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि ते स्वतःच्या उष्णतेने पाणी होतं. भट्टीला हवेत तेच प्रवाह मोटारीला नकोत. म्हणून तिचा लोखंडी गाभा अखंड ठेवत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, एकमेकींपासून अलग राखलेल्या पत्र्यांची चवड रचतात.

मोटार, बॅटरी आणि ईएससी यांचा मेळ जमवण्याचं सगळं गणित या उमटणाऱ्या व्होल्टेजमध्येच दडलेलं आहे. मोटारीवर १००० केव्ही लिहिलेलं असतं. हे किलोव्होल्ट नव्हेत. एका व्होल्टला मिनिटाला बिनलोडचे १००० फेरे, असा त्याचा अर्थ. तीन सेलच्या लिपो बॅटरीचे ११.१ व्होल्ट दिले की मोकळी मोटार ११,१०० फेऱ्यांच्या जवळ जाते आणि तिथेच थांबते, कारण त्या वेगाला ती स्वतःच बॅटरीइतकं उलटं व्होल्टेज निर्माण करते. दहा इंची पंखा लावला की वेग ८,०००वर उतरतो. आता उलटं व्होल्टेज ८. उरलेले सुमारे ३ व्होल्ट तारा, वेटोळी आणि बॅटरी यांच्या इवल्याशा रोधातून साधारण १५ अँपिअर ढकलतात. किती अँपिअर जायचे हे ना बॅटरीची क्षमता ठरवते, ना ईएससीवर छापलेला आकडा. ठरलेल्या व्होल्टेजला, फुल थ्रॉटलवर ते पंखा ठरवतो. म्हणून जुळवाजुळव पंख्यापासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

विमान पऱ्हाटीत शिरलं आणि थ्रॉटल चालूच राहिला, तर पंखा अडकतो, उलटं व्होल्टेज शून्यावर येतं आणि ५०हून जास्त अँपिअर धावू लागतात. गाळात अडकलेल्या पंपाची मोटार नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह ओढून जळते, त्यातलाच हा प्रकार. चांगला ईएससी चुंबकं हलत नाहीत हे ओळखतो आणि प्रवाह तोडतो.

तीन सेलऐवजी चार सेलची बॅटरी लावली तर? व्होल्टेज एक तृतीयांशाने वाढतं, वेगही फार तर तेवढाच. पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे २.४ पटीपर्यंत जाऊ शकते. प्रवाह १५वरून २७ अँपिअरपर्यंत. ३० अँपिअरचा ईएससी हे कसंबसं सोसेल. बॅटरीचंही बिघडत नाही. २२०० एमएएच (२.२ अँपिअर-तास) आणि २५सी (त्याच्या २५ पट प्रवाह) म्हणजे कागदावर ५५ अँपिअर. मात्र वेटोळ्यांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, तिपटीपर्यंत जाऊ शकते, आणि साठ ग्रॅमच्या मोटारीचं तांब्यावरचं वार्निश जळतं. लेबलांवरचे सगळे आकडे मर्यादेत होते, तरी मोटार गेली! म्हणून नवा पंखा किंवा नवी बॅटरी लावली की आधी जमिनीवरच वॉटमीटर जोडून पाहावं.

हवेचाही यात वाटा असतो. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांना असते त्यापेक्षा मे महिन्यात ४० अंशांची हवा जवळजवळ ९ टक्के विरळ असते. पंख्यावरचा लोड कमी होतो, पण रेटाही कमी मिळतो, शिवाय मोटार थंड करायला तीच तापलेली हवा. बंद गाडीत ठेवलेली लिपो अशा दिवसांत फुगते.

हेच गणित आता कपाशीवर आणि तुरीवर फिरतंय. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, ती महिलांच्या १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्यासाठी. अशा ड्रोनवर १०० केव्हीच्या आसपासच्या मोटारी आणि तीस इंची पंखेही दिसतात, कारण मोठा पंखा सावकाश फिरवून जड वजन कमी विजेत उचलता येतं. आणि वजन हलकं झाल्याचा फायदा तर थक्क करणारा आहे. एका जागी तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने बदलते. १० लिटर औषध भरलेला २५ किलोचा ड्रोन टाकी रिकामी होईपर्यंत १५ किलोचा होतो, आणि तेव्हा त्याला सुरुवातीच्या निम्मीही शक्ती लागत नाही. निवड मात्र भरलेल्या टाकीसाठी, भर उन्हातल्या विरळ हवेसाठी आणि व्होल्टेज उतरत आलेल्या बॅटरीसाठीच करावी लागते.