बऱ्हाणपुरातला इंग्रज वकील

बऱ्हाणपूर म्हटलं की आपल्या डोक्यात पहिली येते मुमताज, आणि दुसरी मावा जिलेबी. सर टॉमस रो कोणाला आठवत नाही. शाळेच्या पुस्तकात तो एका ओळीत येऊन जातो, जहांगीरच्या दरबारात आलेला इंग्रज राजदूत म्हणून. पण मुघल राजघराण्यातल्या माणसासमोर तो पहिल्यांदा उभा राहिला तो आपल्या गावात, नोव्हेंबर १६१५ मध्ये.

राजदूताला आपल्या जुन्या कागदपत्रांत 'वकील' म्हणतात, आणि मला तोच शब्द बरा वाटतो. दुसऱ्याची बाजू मांडायची, दुसऱ्याच्या नावाने ताठ उभं राहायचं. रोच्या बाबतीत हे ताठ राहणं सोपं नव्हतं. तो काही पिढीजात सरदार नव्हे. आजोबा लंडनचे व्यापारी, १५६८ मध्ये तिथले लॉर्ड मेयर झालेले. वडील तो लहान असतानाच गेले आणि आईने बर्कली घराण्यात दुसरं लग्न केलं. 'सर' ही पदवी त्याला १६०५ मध्ये राजा जेम्सने दिली, म्हणजे ती त्याच्यापुरतीच. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या सफरीवर पैसा घालून झाला होता. हिंदुस्थानात पाठवताना पत्र राजाचं होतं, पगार मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा, वर्षाला ६०० पौंड. आणि निघण्याच्या जेमतेम दोन महिने आधी त्याने एलेनॉर नावाच्या तरुण विधवेशी गुपचूप लग्न केलं होतं! बायको तिकडे, नवरा चार वर्षं इकडे.

सुरतेहून तो ज्या वाटेने आला ती वाचताना मला फार गंमत वाटली. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. आपल्यातल्या निम्म्या जणांचे मामा-मावशी याच वाटेवर राहतात. १४ नोव्हेंबरला तो बऱ्हाणपुरात पोचला. कोतवालाने सराईत चार खोल्या दिल्या. त्या त्याला विटांच्या भट्ट्यांसारख्या वाटल्या, म्हणून गडी आपल्या तंबूतच झोपला. शहराबद्दलही त्याने काही बरं लिहिलेलं नाही. शहजादा परवेझ आणि खानखानान अशा मोजक्या लोकांचे वाडे सोडले, तर बाकी सगळी मातीची घरं. (राग येतो, पण खोटं तरी कसं म्हणायचं? कुंडी भंडाऱ्याचं काम त्याच सुमाराचं, ते त्याला कोणी दाखवलं नसावं.)

१८ तारखेला परवेझची भेट झाली. पुढे जातानाच एका अधिकाऱ्याने सांगितलं, डोकं जमिनीला टेकवा. रो म्हणाला, तो रिवाज नोकरांचा, मी पाहुणा आहे. मग त्याने आपल्या पद्धतीने वाकून मुजरा केला. शहजादा उंचावर बसलेला, खाली उमराव हात जोडून उभे. रोने वर येऊ द्या म्हटलं. उत्तर आलं की इराणचा शहा आला तरी वर येता येणार नाही. बरं, मग खुर्ची? तीही नाही. शेवटी चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकायची परवानगी मिळाली. आज हे सगळं हास्यास्पद वाटतं. पण रो वाकला असता तर त्याच्याबरोबर त्याचा राजाही वाकला असता, आणि मग इंग्रज म्हणजे नुसते बंदरावरचे दुकानदार असंच ठरलं असतं. हे परवेझच्या माणसांनाही कळत होतं, म्हणून तेही हटले नाहीत. इथे वखार घालायची परवानगी मात्र परवेझने दिली.

नंतर आत खासगीत बोलायचं ठरलं होतं. ते झालंच नाही, कारण रोने नजराण्यात वाइनच्या बाटल्यांची पेटी दिली होती आणि शहजादा तेवढ्यात पिऊन पडला. हसू येतं, पण परवेझचा काका दानियाल याच शहरात दारूपायी मेला होता, आणि १६२६ मध्ये परवेझही इथेच गेला. त्या रात्री रोला ताप भरला तो उतरेना. २७ तारखेला तो पालखीतूनच अजमेरकडे निघाला. जहांगीरपुढे उभा राहिला तो १० जानेवारी १६१६ ला.

त्या दरबारात फादर कोर्सी नावाचे जेझुइट होते. ते कॅथलिक, रो प्रोटेस्टंट, युरोपात दोघांच्या लोकांची वैरं. तरी फादर स्वतःहून त्याच्याकडे आले आणि परक्या दरबारात आपण एकमेकांची उणीदुणी काढायची नाहीत असं ठरलं. मला वाटतं, अख्ख्या वकिलातीतला हा सगळ्यात शहाणपणाचा करार!

कंपनीला हवा होता तसा पक्का तह रोला शेवटपर्यंत मिळाला नाही. १६१९ मध्ये तो परतला. पुढच्या वकिलातीला, इस्तंबूलला, तो एलेनॉरला बरोबर घेऊन गेला. तिथूनच पाचव्या शतकातलं ग्रीक बायबल, कोडेक्स अलेक्झांड्रिनस, त्याच्यामार्फत राजा चार्ल्सकडे गेलं. ते आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. उतारवयात त्याने एका जर्मन राजघराण्याची बाजू लढवली. जेम्सची मुलगी एलिझाबेथ हायडेलबर्गच्या फ्रेडरिकला दिलेली. त्यांचं राज्य युद्धात गेलं, आणि ते परत मिळावं म्हणून रो १६४१ मध्ये, साठीला आलेला असताना, रेगेन्सबुर्ग आणि व्हिएन्नाला जाऊन बसला. तिथूनही तो रिकाम्या हाताने आला. ती एलिझाबेथ त्याला पत्रांतून लाडाने 'जाड्या टॉम' म्हणायची.

१६४४ मध्ये तो वारला. मूलबाळ नव्हतं. एलेनॉर त्याच्यामागे तीस वर्षं जगली.