जुना कॉम्प्युटर, लिनक्स आणि सहा गैरसमज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या घरांत, क्लासेसमध्ये आणि गावातल्या शाळांत चालू असलेली चांगली यंत्रंही निकालात निघतात. ती भंगारात देण्याआधी त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहायला हवी. मात्र त्याबद्दल नीट माहिती घेऊनच हे करावं.

गैरसमज १ : लिनक्स टाकलं की कितीही जुनी मशीन पळते.
वस्तुस्थिती : लिनक्स हलकं असतं, आजच्या वेबसाइट हलक्या नसतात. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची हलकी एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर सुरू होते, पण ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की ती रॅम संपते. ४ जीबी असेल तर रोजचं काम निभतं. रॅम त्याहून कमी असेल तर अँटीएक्ससारखी आणखी हलकी आवृत्ती घ्यावी. प्रोसेसर ६४-बिट आहे ना, हे आधी बघा. ३२-बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६मध्येच बंद झालं आणि २०२५च्या डेबियन १३मध्ये ३२-बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलरच नाही. कोअर टू डुओ बहुधा चालून जातो, सुरुवातीचे पेंटियम ४ नाही.

खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यावर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. पंख्यातली धूळ झटकली तरी मशीन सुधारते.

गैरसमज २ : लिनक्स म्हणजे काळा पडदा आणि पाठ करायच्या कमांड.
वस्तुस्थिती : मिंटमध्ये मेन्यू, डेस्कटॉप, फाइल मॅनेजर सगळं ओळखीचं वाटतं. नवं सॉफ्टवेअर मोबाइलच्या अ‍ॅप स्टोअरसारखं एका ठिकाणाहून घेता येतं. काही बिघडलं तर कमांड लागू शकते, रोजच्या कामाला लागत नाही.

गैरसमज ३ : मराठी टायपिंग होत नाही.
वस्तुस्थिती : इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये फक्त जोडावा लागतो. लोहित हा मुक्त देवनागरी फॉन्टही मिळतो. लिबरऑफिसचे मेन्यू मराठीत करता येतात. अडचण येते ती जुन्या फाइलींची. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर युनिकोड नसतो, त्यामुळे तो फॉन्ट नसेल तर अक्षरं विचित्र दिसतात. अशा फाइली कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणाव्यात. विंडोजवरही हे केव्हातरी करावंच लागणार आहे.

गैरसमज ४ : अभ्यास आणि सरकारी कामं विंडोजशिवाय अडतात.
वस्तुस्थिती : विद्यार्थ्याचं सहसा अडत नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. शिष्यवृत्तीचे अर्ज ब्राउझरमध्येच भरायचे असतात. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा कॉम्प्युटरवर होतात, त्यांचा माउसने उत्तरं निवडण्याचा सराव जुन्या मशीनवरही होतो. किनवट किंवा उदगीरच्या मुलाला त्यासाठी शहर गाठायला नको. धड्यांचे व्हिडिओ मात्र ४८० पिक्सेलवर पाहावेत, कारण जुन्या प्रोसेसरला मोठं चित्र झेपत नाही.

अडतं ते व्यावसायिकांचं. टॅली आणि कोरलड्रॉ लिनक्सवर थेट चालत नाहीत. त्यामुळे हिशेबनीस, तसेच फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांनी मुख्य मशीन बदलू नये. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी अंगठ्याच्या यंत्राचा आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीला आधी विचारावं.

गैरसमज ५ : प्रिंटर चालतच नाहीत.
वस्तुस्थिती : ते मॉडेलवर अवलंबून आहे. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. लेझरजेट १०२०ला एक जादा प्लगिन लागतं, ते इंटरनेटवरून उतरवावं लागतं. आपल्याकडे सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० मात्र लिनक्सवर बसवायला बरीच खटपट करावी लागते. आपल्या प्रिंटरचं नाव घेऊन आधी चौकशी करावी.

गैरसमज ६ : सवयीचं विंडोज ७च बरं, त्याने काही बिघडत नाही.
वस्तुस्थिती : विंडोज ७चा पाठिंबा १४ जानेवारी २०२०ला संपला आणि २०२३पासून नवं क्रोमही त्यावर चालत नाही. अशा मशीनवरून बँकेचा व्यवहार करणं धोक्याचं आहे. लिनक्सही आपोआप सुरक्षित राहत नाही, पण त्याचे सुरक्षा-अपडेट्स फुकट मिळतात आणि जुन्या मशीनलाही मिळतात. ते वेळेवर घेतले तरच त्यांचा उपयोग.

मग सुरुवात कशी करावी? लिनक्स मिंट उतरवून त्याचा बूटेबल पेन ड्राइव्ह बनवा आणि मशीन त्यावरूनच सुरू करा. डिस्कवर काहीही बदल न करता वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तपासता येतं. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं संथ चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. चारही गोष्टी जमल्या तर फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, कारण इन्स्टॉल करताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते. मगच लिनक्स कायमचं बसवा. घरात शिकणारं मूल असेल आणि नवा लॅपटॉप परवडत नसेल, तर एवढ्या खटपटीत त्याला अभ्यासाचा कॉम्प्युटर मिळतो.