ओतणाऱ्या हाताचे शिक्षण

धानाच्या पिकावर फवारावयाचे विषारी औषध विकणाऱ्या दुकानदारास आज कायद्याने शिक्षणाची अट घातलेली आहे. भंडारा जिल्ह्यातील व्यापाऱ्यांस ही अट चांगली परिचयाची आहे. परंतु त्याच पेठेत, चार दुकाने पलीकडे, मनुष्याच्या पोटात जाणारे मादक द्रव्य पेल्यात ओतून देणाऱ्या नोकरास अशी काही अट आहे काय?

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये विक्रेत्यास परवाना लागतो व त्याच्या नोकरास नोकरनामा. बिअर व वाईन यांसाठी गिऱ्हाइकाचे वय २१, देशी व इतर कडक मद्यासाठी २५, अशी मर्यादाही आहे. पण नोकर कोण आहे, एवढेच नोकरनामा सांगतो. त्यास काय कळते, हे सांगत नाही. तीस मिलिलिटरचा एक पेग शरीरातून उतरावयास सुमारे एक तास वा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे १८० मिलिलिटरचा पव्वा रिचविणारा इसम सहा तासपर्यंत शुद्धीवर आला असे समजू नये. कॉफीने वा थंड पाण्याने हा काळ कमी होत नाही. लाखनी-साकोलीवरून जाणाऱ्या महामार्गावर गाडी घेऊन निघालेल्या अशा गिऱ्हाइकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य सापडले, तर तो गुन्हेगार ठरतो. त्यास शेवटचा पेला देणारा मात्र बिल घेऊन मोकळा!

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९८६ साली मद्य वाढणाऱ्यांचे शिक्षण सक्तीचे केले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, रात्रीच्या वेळी एकट्याच वाहनास होणारे अपघात तिसऱ्या वर्षाअखेर सुमारे २३ टक्क्यांनी घटलेले आढळले. असल्या अपघातांत मद्याचा वाटा मोठा असतो, हे सांगावयास नकोच.

यावर आमचे दारूबंदीवादी मित्र म्हणतील की, या शिक्षणाने व्यसनास प्रतिष्ठा मिळेल. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे; चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी असावी की नसावी, हा वाद खुशाल चालू द्यावा. भंडाऱ्यात आज परवाने आहेत, आणि जोवर ते आहेत तोवर परवान्यासोबत जबाबदारी नको काय? मोहाच्या हातभट्टीस हा उपाय लागू पडणार नाही, हे खरे. ते काम पोलिसांचे.

दुकानमालकांचा आक्षेप निराळा: गिऱ्हाईक तुटेल. परंतु झिंगलेल्या इसमास 'आता पुरे' म्हणणाऱ्या पोऱ्यास शिव्या खाव्या लागतात, प्रसंगी मारही, आणि मालक गल्ल्यावरून पाहत राहतो. म्हणून वर्गात मालकासही बसविले पाहिजे. नोकराच्या नकारामागे त्याचा शब्द नसेल, तर तो नकार टिकणार नाही. परवान्यांच्या नूतनीकरणाची मुदत ३१ मार्च ही असते. त्यापूर्वी जिल्ह्याच्या उत्पादन शुल्क अधीक्षकांनी भंडारा, तुमसर व साकोली येथे दोन-दोन दिवसांचे मराठी वर्ग भरवावेत, आणि वर्गाचा दाखला असल्याखेरीज नवा नोकरनामा देऊ नये.