तिघांचा जमाखर्च

संगीताच्या बाजारात ‘इंडी’ हे विशेषण आज फार स्वस्त झाले आहे. गिटारचा एक विशिष्ट सूर आणि गाण्यातील किंचित उदास ढंग एवढ्या भांडवलावर ते मिळू शकते, आणि बड्या कंपन्याही आपल्या मालावर ते बिनदिक्कत छापतात. वास्तविक ‘इंडिपेन्डन्ट’ या शब्दाचे हे लघुरूप आले ते व्यवहाराच्या भाषेतून. बड्या कंपन्यांच्या पैशावाचून निघालेली आणि त्यांच्या वितरणावाचून विकली गेलेली ध्वनिमुद्रिका स्वतंत्र, एवढाच त्याचा अर्थ होता. म्हणजे या शब्दाचा उगम जमाखर्चाच्या वहीत आहे. ही वही अत्यंत चोख ठेवणारा एक बँड १९८० ते १९८५ या काळात अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव मिनिटमेन.

लॉस एंजल्सचे बंदर असलेल्या सॅन पेद्रो येथील कामगारवस्तीत डी. बून आणि माइक वॉट यांची भेट झाली, तेव्हा दोघेही तेरा वर्षांचे होते. उद्यानातील एका झाडावर चढलेल्या बूनने खालून जाणारा मुलगा आपला मित्रच आहे असे समजून त्याच्या पुढ्यात उडी मारली. तो भलताच मुलगा वॉट निघाला, आणि पुढे दोघे कधी वेगळे झाले नाहीत. मुले शाळा सुटल्यावर रस्त्यावर भटकू नयेत म्हणून बूनच्या आईने त्यांना वाद्यांकडे वळविले. गिटार बूनकडे आणि बेस वॉटकडे, ही वाटणी तिचीच. बेसच्या तारा जाड असतात हे वॉटला ठाऊक नव्हते. प्रारंभी तो बिचारा साध्या गिटारच्या चार तारांवरच बेस वाजवीत असे. पुढे त्याच गावातील जॉर्ज हर्ली ड्रम वाजवावयास आला आणि तिघांची मंडळी पूर्ण झाली.

काटकसरीसाठी या तिघांच्या बोलीत ‘इकॉनो’ असा एक स्वतंत्र शब्दच होता. तिघेही नोकऱ्या सांभाळून वाजवीत. ध्वनिमुद्रणगृहाचे भाडे मध्यरात्रीनंतर उतरते, म्हणून त्यांचे काम त्या वेळी चाले. कोरी ध्वनिफीत महाग, म्हणून वापरलेली फीत घ्यावयाची. गाणी ज्या क्रमाने मुद्रिकेवर यावयाची त्याच क्रमाने वाजवावयाची, म्हणजे मागाहून फीत कापून जोडण्याचा खर्च वाचतो. त्यांची गाणीही अशीच आटोपशीर, पुष्कळदा मिनिटभराच्या आत संपणारी. १९८० साली निघालेल्या पहिल्या मुद्रिकेत सात गाणी होती आणि सातांना मिळून सात मिनिटेही लागत नाहीत.

दौऱ्यातही हाच शिरस्ता होता. व्हॅन स्वतः हाकावयाची, सामान स्वतः चढवावयाचे व उतरावयाचे, आणि मदतनीस ठेवावयाचा नाही. जुन्या मराठी नाटक मंडळ्यांच्या फिरत्या बिऱ्हाडाची येथे आठवण व्हावी; परंतु त्या बिऱ्हाडात मालकापासून पडदा ओढणाऱ्या गड्यापर्यंत उतरंड असे, आणि येथे मालकही हेच व गडीही हेच होते. बहुतेक बँड मुद्रिका खपावी म्हणून दौरा काढतात. वॉटच्या हिशेबाने जगात दोनच गोष्टी होत्या, कार्यक्रम आणि कार्यक्रमाची हस्तपत्रके. मुद्रिका हे त्याच्या मते हस्तपत्रकच. लोकांसमोर उभे राहून वाजविणे हेच मुख्य काम. १९८३ साली ब्लॅक फ्लॅग या बँडबरोबर ते युरोपात गेले, तेव्हा काही ठिकाणी प्रेक्षक त्यांच्यावर चक्क थुंकले. तरी पुढच्या गावी कार्यक्रम झालाच.

या काटकसरीला केवळ गरिबीचे नाव देणे चुकीचे ठरेल. बूनच्या गाण्यांत कामगार, युद्ध आणि मध्य अमेरिकेतील अमेरिकेची ढवळाढवळ हे विषय वारंवार येत. समतेचा पुरस्कार गाण्यात करावयाचा आणि रंगमंचावर मात्र गिटारवाल्याने बाकीच्यांना झाकून टाकावयाचे, ही विसंगती त्याला मानवणारी नव्हती. म्हणून त्याने आपल्या गिटारचा आवाज मुद्दाम पातळ व टोकदार ठेवला आणि बेस व ड्रम यांना मोकळी जागा करून दिली. पुष्कळ राजकीय गायकांना जे भाषणात साधत नाही ते याने वाद्याच्या आवाजात साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९८४ साली त्यांची ‘डबल निकल्स ऑन द डाइम’ ही दुहेरी मुद्रिका निघाली. हस्कर डू या स्नेही बँडने दुहेरी मुद्रिका केल्याचे कळताच यांनीही ईर्षेने आणखी गाणी रचली. चारांपैकी तीन बाजूंसाठी प्रत्येकाने आपापली गाणी निवडली आणि उरलेली चौथ्या बाजूवर टाकली. चाळीसहून अधिक गाण्यांच्या या मुद्रिकेला खर्च आला तो १,१०० डॉलरच्या आसपास. नावातही एक खोच आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली होती, आणि ती आपल्याला पाळवत नाही अशी फुशारकी मारणारे एका श्रीमंत रॉक गायकाचे गाणे त्या सुमारास गाजत होते. मिनिटमेननी उलट वॉटला मोटार हाकताना मुखपृष्ठावर दाखविले. काटा बरोबर ५५ वर आहे आणि समोर सॅन पेद्रोची पाटी आहे. वाहन कायद्याच्या वेगात चालवू, गाणी मात्र हवी तशी करू, असा हा मिस्कील जबाब होता.

१९८५ च्या अखेरीस आर.ई.एम. या बँडबरोबरचा दौरा आटोपून मंडळी घरी आली. २२ डिसेंबर रोजी ॲरिझोनाच्या वाळवंटातून जाताना बून ज्या व्हॅनमध्ये होता तिला अपघात झाला. तापाने फणफणलेला बून मागच्या बाजूस आडवा झाला होता. तो बाहेर फेकला गेला आणि जागीच मरण पावला. त्याचे वय २७ होते. हा प्रवास दौऱ्याचा नव्हता आणि वॉट व हर्ली त्या गाडीत नव्हते. त्यामुळे या मृत्यूचे खापर त्यांच्या काटकसरीवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु ज्यांचे आयुष्य रस्त्यावर जाते त्यांच्या पदरी रस्त्याचा धोकाही अधिक पडतो, ही गोष्ट स्वतंत्र बाण्याचे कौतुक करणारे सहसा बोलून दाखवीत नाहीत. तीन माणसांच्या मंडळीतील एक गेला की एक तृतीयांश जात नाही, सगळेच जाते. मिनिटमेन हे नाव त्या दिवशी संपले.

वॉटने वाद्य खाली ठेवले. ओहायो राज्यातील एड क्रॉफर्ड नावाचा एक चाहता, नवा गिटारवादक हवा असल्याची खोटीच वार्ता ऐकून, सॅन पेद्रोला येऊन थडकला. त्याच्या आग्रहामुळे १९८६ साली वॉट व हर्ली पुन्हा वाजवावयास उभे राहिले आणि फायरहोज हा बँड निघाला. तोही पुढे १९९४ साली थांबला. वॉट मात्र व्हॅन घेऊन दौरे काढीतच राहिला. तेव्हापासूनच्या आपल्या मुद्रिका तो बूनला अर्पण करीत आला आहे. २००५ साली मिनिटमेनवर एक माहितीपट निघाला. त्यात वॉट आपली व्हॅन हाकीत सॅन पेद्रोतून फिरतो, जुन्या जागा दाखवितो आणि बोलता बोलता त्या उद्यानातील झाडापाशी येतो.